येळवशीचा घास

करडगावात रेवणसिद्धाच्या हातांबद्दल दोन गोष्टी सगळ्यांना ठाऊक होत्या. बिघडलेलं इंजिन त्या हातांत आलं की निमूट चालायला लागायचं, ही एक. आणि तेच हात माणसावर पडले की माणूस लवकर उठायचा नाही, ही दुसरी. देवानं एकाच माणसाला हे दोन्ही देताना काय विचार केला होता, कोण जाणे.

उदगीरला बसस्टँडच्या मागं त्याचं फटफट्या दुरुस्त करायचं दुकान होतं. गिऱ्हाईक तुटून पडायचं. एके दिवशी एक जण चारचौघांत म्हणाला, "जुनाच पार्ट पुसून बसवलास की रे." रेवणच्या हातात पाना होता. त्या माणसाचा जबडा मोडला, आणि तो खाली पडल्यावरही रेवण थांबेना. शेजारचा चहावाला उकळतं पातेलं घेऊन अंगावर धावला, तेव्हा कुठं थांबला. हे काही पहिलंच नव्हतं. आधी एका कंडक्टरचं नाक झालं होतं, सख्ख्या मेव्हण्याचं मनगट झालं होतं. प्रतिष्ठित मंडळी मध्ये पडली, प्रकरण मिटलं. पण दुकान गेलं आणि बायको गौरम्मा लेकीला घेऊन भालकीला माहेरी निघून गेली.

तिला आणायला गेला तेव्हा सासऱ्यांनी, सिद्रामप्पांनी, त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. सोप्यात बसवलं, गळ्यातलं इष्टलिंग सोडून डाव्या तळहातावर घ्यायला लावलं आणि शपथ घ्यायला लावली. रेवणनं घेतली. "माणसावर पुन्हा हात उचलनार न्हाई. उचलला तर गौरी आन् गंगा माझ्या न्हाईत."  लिंगाची शपथ खोटी घ्यायची नसते हे त्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं.

गौरम्मा दारात उभी होती. ती म्हणाली, "शपत अप्पानं घातली. माझं ऐका. म्या कुनाच्या सांगन्यावरनं येत न्हाई, माझ्या मनानं येऊन राहिले. पुन्हा हात उचलला तर मनानंच जाईन. मग लिंग न्हाई आन् अप्पा न्हाई, कुनीच मला आनू शकायचं न्हाई."

ती आली. उदगीर सोडून तिघं करडगावला आली. तिथं आई होती, मल्लम्मा, आणि शिवारात थोडी काळी जमीन. गौरम्मानं आल्या आल्या रानात केशर आंब्याची कलमं लावली. पण पाऊस त्या साली रुसला तो रुसलाच. बोअर आटलं, लातूरच्या नळांतून हवा यायला लागली, करडगावात टँकर यायचा तोही सरकारच्या मर्जीनं. टँकरपाशी पाण्यापेक्षा रक्तच जास्त सांडायचं. बायका एकमेकींच्या झिंज्या धरायच्या, गडी घागरी फेकून मारायचे. एकदा अशीच एक घागर रेवणच्या कपाळावर बसली. कुणी मारली ते त्यानं पाहिलं होतं. मारणारा भीतीनं जागच्या जागी थिजला, भोवतालची माणसं मागं सरकली. रेवणचं कपाळ फुटून रक्त डोळ्यात उतरलं, मुठी वळल्या, हात सळसळायला लागले. मग त्यानं उजवा हात शर्टाच्या आत घातला, लिंग मुठीत धरलं आणि तसाच उभा राहिला. शेवटी रिकामी घागर घेऊन घरी आला.

गौरम्मानं जखमेत हळद भरली. त्या दिवशी भाकरीवर तिनं लोण्याचा गोळा ठेवला. घरात लोणी होतं हेच त्याला माहीत नव्हतं. तो इतका सुखावला की जेवताना त्याचे डोळे भरून आले.

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तो भुजंगतात्याच्या रूपानं आला. उदगीर जिल्हा होणार, सव्वीस जानेवारीला जाहीर होणार, अशी आवई उठली होती. जिल्हा झाला की रस्ते होणार, रस्ते झाले की जमिनीला सोन्याचा भाव येणार. माणसांच्या तोंडचं पाणी पळालेलं, पण जमिनीच्या नावानं लाळ गळायची. भुजंगतात्याचं रान रेवणच्या रानाला लागून. त्यानं डांबरी रस्त्याला गाळे बांधायला काढले, सिमेंटच्या गोण्यांची थप्पी लावली, आणि दोन्ही रानांकडं जाणारी पाणंद आपल्याच हद्दीत आहे असं म्हणून जेसीबीनं आडवा चर खोदला. बैलगाडी बंद, ट्रॅक्टर बंद. स्वतःच्या रानाकडं तोही आता पायीच जायचा, पण दुसऱ्याचं वाकडं होत असेल तर आपली पायपीट माणसाला गोड लागते. कलमांना पाणी न्यायची वाट मात्र संपली.

रेवण चराच्या काठावर उभा राहिला. भुजंगतात्याला ह्याच चरात गाडावं, असं त्याला खरोखर वाटलं. कुठून माती ओढायची हेसुद्धा त्यानं नजरेनं ठरवलं. गौरम्मा मागून म्हणाली, "त्यानं चर खांदला. तुमी वाट काढा."

वाट निघाली ती नांदेडकडं. विष्णुपुरीच्या पाण्याकाठी एक खेळायची बाग होती. शहरातली पोरं तिथं चारचाकी फटफट्या उडवायची. जाड टायरांच्या, हँडलच्या, खड्ड्याखळग्यांतून उड्या मारत जाणाऱ्या. दुकान होतं तेव्हा रेवणनं त्यांची कामं केली होती. पाणी मागं हटलं, बाग बंद पडली. मालकानं जुन्या मजुरीच्या बदल्यात एक मोडकी गाडी त्याला देऊन टाकली. टेम्पोतून ती अंगणात उतरली तेव्हा सगळा गाव बघायला आला. तिचं एक टायर चिरलेलं, सीटमध्ये उंदरांनी संसार मांडलेला, टाकी आतून गंजून लाल. मल्लम्मा म्हणाली, "ह्ये काय रेडकू म्हनावं का घूस?" पण लगेच आत गेली, मठातून आणलेली विभूती घेऊन आली आणि गाडीच्या दिव्यावर तीन आडव्या रेघा ओढल्या. म्हातारीची रीतच होती ती. घरात काहीही नवं आलं की त्याला विभूती लागायची. कणगीत चिमूटभर, पिठाच्या डब्यात चिमूटभर. बोअर पाडलं तेव्हा पाइपातसुद्धा तिनं मूठभर टाकली होती. बोअर तरीही आटलं, हे तिला कुणी बोलून दाखवत नव्हतं.

लिंबाच्या झाडाखाली काम सुरू झालं. रेवणनं टाकी उतरवली, आत मूठभर नटबोल्ट आणि थोडं रॉकेल टाकून बाळाला खुळखुळा वाजवावा तशी ती तासन् तास हलवली, तेव्हा गंज सुटला. कार्बोरेटर खोलला. त्याच्या पोटातल्या वाटीत जुनं पेट्रोल डिंकासारखं चिकटलं होतं. सुईच्या भोकाएवढे जेट त्यानं तारेनं साफ केले, फुंकर मारून उजेडात धरले. टॅपेट लावले, ब्रेकचे लायनर घासले, मागं ओढायला जुन्या चाकांची एक गाडी जोडली. तिच्यावर पाण्याचं पिंप बसणार होतं. हात कामात असले की त्याच्या डोक्यातला जाळ विझायचा. राग कुठं जायचा त्यालाही कळत नसे.

इंजिन लागलं, पण नीट चालेना. मधेच दम लागल्यासारखं अडखळायचं. मेकॅनिकांच्या भाषेत मिसिंग मारायचं. तेव्हा त्यानं गौरम्माला हाताशी घेतलं. तो डोळे मिटून इंजिनाला कान लावून बसायचा आणि ती पेचकसानं हवेचा स्क्रू फिरवायची.

"अर्धा आटा मागं," तो म्हणायचा. "बास. आता जरा पुढं. हळू."

"एवडं?"

"हाव. हात काढ."

एका दुपारी अडखळणं थांबलं. इंजिन एका लयीत, न चुकता चालायला लागलं. गौरम्मा हसली. "श्वास घेऊन राहिली बगा," ती म्हणाली. काळं झालेलं बोट तिनं त्याच्या गालाला पुसलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण असं तिनं कधी केलं नव्हतं. आपला संसार लागला मार्गाला, असं त्या क्षणी रेवणला वाटलं.

येळवस दुसऱ्या दिवशी होती. वेळ अमावस्येला आमच्याकडं येळवस म्हणतात, आणि त्या दिवशी अख्खा मुलूख रानात असतो. बाजार ओस, जीपा उभ्या, घराघराला कुलपं. रानात कडब्याची कोप, म्हणजे खोपी, उभी करायची, पाच दगडांचे पांडव मांडायचे, ताकातली अंबील आणि शेंगा-पालेभाज्यांच्या भज्जीचा नैवेद्य दाखवायचा आणि वाटेनं जाणाऱ्या येणाऱ्या सगळ्यांना हाका मारून जेवू घालायचं. वैरी असला तरी. येळवशीला कोपीवर आलेला माणूस उपाशी गेला तर शिवार जळतं, असं मानतात. दुष्काळात कडबा नव्हता, म्हणून लोकांनी तुरीच्या काट्यांवर लुगडी टाकून कोपी केल्या होत्या. पण केल्या होत्या.

आदल्या संध्याकाळी भुजंगतात्या गाळ्यांकडून परतताना अंगणाशी थांबला. हाताला सिमेंट लागलेलं. त्यानं गाडीवरून हात फिरवला, टाकीचं झाकण उघडून वास घेतला, परत लावलं.

"रेवण, ह्ये खेळनं माझ्या चरातनं जाईल व्हय?"

"जाईल."

"बगू की उद्या. कसं जातंय त्ये," म्हातारा हसून म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेवण आंघोळीला गेला तेव्हा त्यानं टाकीचं झाकण काढून ठेवलेलं होतं. पेट्रोल फडक्यातून गाळून भरायचं होतं. तो आला तोवर गौरम्मा, मल्लम्मा आणि लहानगी गंगा डोक्यावर पाट्या घेऊन रानाकडं निघून गेल्या होत्या. गाडीच्या दिव्यावर ताज्या तीन रेघा होत्या आणि हँडलला झेंडूचं फूल. त्यानं पेट्रोल ओतलं, पिंप मागच्या गाडीवर चढवून भरलं. आज त्याला बायकोच्या कलमांपर्यंत पाणी न्यायचं होतं, सगळ्या शिवारादेखत चरातून गाडी पार करायची होती. चराचे काठ त्यानं आधीच फावड्यानं उतरते करून ठेवले होते.

गाडी वेशीपर्यंत ऐटीत गेली. मग अडखळली, खोकली आणि बंद पडली.

त्यानं बटण दाबून दाबून बॅटरी दमवली. खाली बसला, कार्बोरेटरची वाटी उघडली. आत करडा-पांढरा चिखल होता. टाकीत बोट घातलं. तळाशी तोच लगदा. जेट गच्च बुजलेले.

सिमेंट, असं त्याच्या मनात आलं, आणि त्यानंतर दुसरं काहीच आलं नाही.

एरवी जेटमधला कण बोटांवर घासून, हुंगून, हा गंज का ही धूळ हे सांगणारा माणूस. त्या दिवशी त्यानं तो लगदा एकदा नाकाशी नेला असता, तर पुढचं काही घडलं नसतं. पण रागाला नाक नसतं. त्याला फक्त भुजंगतात्याचा सिमेंट लागलेला हात दिसला, टाकीचं उघडलेलं झाकण दिसलं, आणि ते हसणं ऐकू आलं. तळपायाची आग मस्तकात गेली. पाना हातात होताच. तो पाणंदीनं चालत निघाला. वाटेत दोघा-तिघांनी कोपीवरून हाका मारल्या, "या रेवणप्पा, जेवायला या." त्यानं वळून पाहिलं नाही. चर आला तो उडी मारून ओलांडला.

भुजंगतात्या बिनपिकाच्या रानात अंबिलीचं मडकं घेऊन फिरत होता. "ओलगे ओलगे सालम पोलगे" अशी येळवशीची हाळी देत कडुनिंबाच्या डहाळीनं कोरड्या ढेकळांवर अंबील शिंपडत होता. रेवणला बघून थांबला. तोंडभर हसला.

"ये रं, ये. येळवस हाय आज. आजच्या दिशी चर न्हाई आन् काई न्हाई. केवळे, पत्रावळ टाक, रेवण आलाय."

त्याच्या बायकोनं, केवळाबाईनं, पत्रावळीवर भाकरी ठेवली, भज्जी वाढली. लहानपणी रेवणनं ह्याच बाईच्या हातची अंबील पिऊन मिशा पांढऱ्या केल्या होत्या. तिनं पत्रावळ पुढं केली आणि म्हणाली, "बस बाबा."

पहिला घाव कानशिलावर बसला. मडकं फुटलं, अंबील ढेकळांत जिरली. भुजंगतात्यानं हात आडवा धरला, तो हात मोडल्याचा आवाज आला. पुढचा घाव डोळ्यावर पडला. म्हातारा पडला तेव्हा रेवणनं पाना टाकला आणि लाथा घालायला सुरुवात केली. बरगड्यांत, पोटात. तोंडानं तो काय बोलत होता हे त्यालाच कळत नव्हतं. केवळाबाई नवऱ्यावर आडवी पडली. त्यानं तिला दंडाला धरून ओढलं आणि बाजूला भिरकावलं. पत्रावळ पायाखाली आली. खरं सांगायचं तर त्या वेळी त्याला बरं वाटत होतं. घागरीचा मार खाल्ल्यापासून आत दाबून ठेवलेलं सगळं हातापायांतून वाहून चाललं होतं, आणि ते संपू नये असं त्याला वाटत होतं.

मग त्याला गंगा दिसली. शेजारच्या रानातून ती सगळ्यांच्या आधी धावत आली होती. हातात बाजरीचा उकडलेला उंडा होता, अर्धा खाल्लेला. ती रडत नव्हती. रस्त्यावर मेलेलं जनावर बघावं तशी बापाकडं बघत होती.

रेवण थांबला. मागून गौरम्मा आली, तिच्या मागून धापा टाकत मल्लम्मा.

"अरे काय केलंस रं," मल्लम्मानं कपाळावर हात मारला.

"टाकीत सिमेंट टाकलं यानं," रेवण म्हणाला. त्याला दम लागला होता. "पांढरं. वाटी भरलीय. काल झाकन उगडून बगत होता."

"टाकीत?" म्हातारी म्हणाली. "त्या गाडीच्या टाकीत?"

"हाव."

 मल्लम्माचा आवाज एकदम बारीक झाला. "त्ये सिमेंट न्हाई रं बाळा. इबत्ती हाय. मठातली, कपाळाला लावायची. झाकन उगडं होतं, म्हनून म्या सकाळी दोन मुठी टाकली. म्हनलं रस्त्यानं जानार, चरातनं जानार, माझ्या लेकराला काई होऊ नये."

 भुजंगतात्या घशात घरघर करत होता. एका डोळ्याच्या जागी नुसतं रक्त होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं तर चोरच नव्हता. रेवणनं आईकडं पाहिलं, मग गौरम्माकडं. तिचा चेहरा त्याला वाचता आला नाही. ती भुजंगतात्याजवळ बसली, पदर फाडून त्याच्या डोक्याला बांधला आणि वर न बघता म्हणाली, "जा. गाडी घेऊन या."

दवाखान्याच्या गाडीला कुणीतरी फोन लावला होता. ती लांब दुसऱ्या अपघाताला गेलेली. जीपवाले आपापल्या कोपीवर, आणि कुणी आला असता तरी चर मध्ये होता. म्हाताऱ्यानं खोदलेल्या चरातून म्हाताऱ्याला बाहेर काढायला आता ते एकच खेळणं होतं, आणि ते वेशीत विभूतीनं तोंड बुजून पडलं होतं.

रेवण पळाला. वेशीत गुडघे टेकून त्यानं टाकी उलटी केली, पिंपाशेजारच्या डब्यातलं पेट्रोल आत खुळखुळवून ओतून टाकलं, पुन्हा धुतली, उरलेलं पेट्रोल भरलं. जेट काढले. बोटं रक्तानं चिकट झाली होती, सुईएवढं भोक सापडेना. आईची दोन मुठी माया त्यानं तारेनं टोकरून टोकरून काढली. तिचा वास आता त्याला येत होता. शेणीच्या राखेचा, मठाचा, लहानपणी कपाळाला लावून शाळेत जायचा तो वास. तो हुंदके देत काम करत होता, पण हात चुकले नाहीत. हात कधीच चुकत नव्हते. पिंप लोटून दिलं. आठवडाभराचं पाणी वेशीतल्या धुळीत गेलं. बॅटरी दमलेली, म्हणून त्यानं दोरी ओढून हिसका दिला. इंजिन लागलं, एका लयीत.

चरातून गाडी गेली. शिवारातली माणसं बघत होती, पण कुणी वाहवा केली नाही. चौघांनी भुजंगतात्याला उचलून मागच्या गाडीवर ठेवलं. गौरम्मानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, गंगाला कुशीला धरलं. केवळाबाई पायाशी बसली. तिच्या हातात जेवणाची पाटी तशीच होती, फडक्यानं झाकलेली. ती खाली ठेवायचं तिला सुचलंच नव्हतं. उदगीरपर्यंत रस्ता ओस होता. दोन्ही बाजूंनी कोपींवरची माणसं उठून हात करायची, जेवायला या म्हणून हाका मारायची. रेवण समोर बघत गाडी चालवत होता. मागून घरघर ऐकू येत होती तोवर म्हातारा जिवंत आहे, एवढंच त्याला कळत होतं.

डॉक्टर बऱ्याच वेळानं बाहेर आले. जीव वाचेल म्हणाले. उजवा डोळा गेला. पोलिसांना कळवलंय, कुठं जाऊ नका, असंही म्हणाले. रेवणनं मान हलवली. तो कुठं जाणार होता?

तो व्हरांड्यात भिंतीला टेकून बसला. फाटकापाशी गाडी तशीच चालू होती. बंद करायचं राहून गेलं होतं. समोर केवळाबाई येऊन उभी राहिली. पोलीस यायच्या आत ती आपल्याला मारेल, असं त्याला वाटलं. मारावं असंही वाटलं. तिनं पाटी खाली ठेवली, फडकं काढलं. त्यावर तिच्या नवऱ्याचं रक्त होतं. एक भाकरी काढली, तिच्यावर भज्जी वाढली आणि त्याच्या हातावर ठेवली.

"जेव."

"काकू, घास न्हाई जानार."

"तुज्यासाटी न्हाई देत," केवळाबाई म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "आमच्या कोपीवर आलता तू. त्यानं तुला जेव म्हनलं होतं. येळवशीला कोपीवरनं मानूस उपाशी गेला न्हाई आमच्या. तुज्यापायी ती रीत मोडू देनार न्हाई. जेव, म्या बगते."

रेवणनं घास मोडला. भाकरीला बोटांचे तांबडे ठसे उठले. घास तोंडात फिरत राहिला, उतरेना. त्यानं तो गिळला आणि दुसरा मोडला. सवयीनं त्याचा हात गळ्यातल्या लिंगाकडं गेला, पण उष्टा आणि रक्तानं भरलेला हात लिंगाला लावायचा नसतो, म्हणून त्यानं तो अर्ध्यातून मागं घेतला.

गौरम्मा व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला गंगाचं बोट धरून उभी होती. तिनं त्याला दोन घास खाताना पाहिलं. मग आली, त्याच्या समोरून गेली. थांबली नाही. ती भांडली असती, रडली असती, तर त्यानं तिचे पाय धरले असते. गंगानं एकदा मागं वळून पाहिलं, आईनं तिला पुढं ओढलं. दोघी पायऱ्या उतरल्या.

रेवणनं मान वर केली नाही. फाटकापाशी इंजिन चालू होतं, एका लयीत, एकदाही न अडखळता, तिनं अर्धा आटा मागं फिरवून लावून दिलं होतं तसं. तो कान देऊन ऐकत राहिला. मग कुणीतरी किल्ली फिरवली आणि आवाज बंद झाला.

भालकीची गाडी कितीला आहे, असं गौरम्मा फाटकावरच्या शिपायाला विचारताना त्याला ऐकू आलं. केवळाबाई अजून समोर उभी होती. हातावर अर्धी भाकरी राहिली होती. त्यानं पुढचा घास मोडला.